सुरी-पटाशीला कोणतं वनस्पती तेल? ९० दिवसांच्या नोंदी

काम असं: कार्बन स्टीलच्या तीन सुऱ्या, चार पटाश्या, एक हातरंधा, एक करवत आणि दोन सिकेटर (फांद्या छाटायच्या कात्र्या). यांना गंज चढू नये म्हणून एक वनस्पती तेल ठरवायचं, ते लावायची पद्धत ठरवायची, आणि कुठे चुकलं ते लिहून ठेवायचं. सुऱ्या अन्नाला लागतात म्हणून मशीन ऑईल बाद. खाद्य दर्जाचं पांढरं मिनरल ऑईल (पेट्रोलियमपासून काढलेलं, शुद्ध केलेलं) मात्र या कामाला चांगलंच आहे, ते खवट होत नाही की चिकटत नाही. ते हाताशी असेल आणि वनस्पती तेलाचा आग्रह नसेल, तर पुढचं वाचलं नाही तरी चालेल.

दिवस १: तेलं जमवली

दहा तेलं: जवस, करडई, सूर्यफूल, तीळ, शेंगदाणा, ऑलिव्ह, एरंडेल, खोबरेल, कॅमेलिया, जोजोबा. प्रत्येकी ३० मिली पुरे. याहून जास्त घेऊ नका, उरलेलं खवट होतं (दिवस ६० पाहा).

पहिला घोळ इथेच. कॅमेलिया म्हणून आलेल्या बाटलीवर मागच्या बाजूला बारीक अक्षरात ‘लिक्विड पॅराफिन, सुगंध’ असं निघालं. म्हणजे ते मिनरल ऑईलच, कॅमेलिया नावापुरतं. हत्यारांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या बाटल्यांत हा प्रकार असतो. गंजासाठी ते वाईट नाही, पण आपल्याला जे तपासायचं ते हे नव्हे. घटक लिहिलेले नसतील तर बाटली घेऊच नये. दुसरी, थंड घाण्याची, त्वचेसाठी विकली जाणारी बाटली मागवली. ती येईपर्यंत सहा दिवस गेले.

नावांचा आणखी एक गोंधळ. कॅमेलिया हे चहाच्या कुळातलं झाड, म्हणून त्याच्या बियांच्या तेलाला ‘टी सीड ऑईल’ही म्हणतात. ‘टी ट्री ऑईल’ हे वेगळं. ते ऑस्ट्रेलियातल्या मेलाल्युका झाडाच्या पानांचं उडून जाणारं सुगंधी तेल आहे, पात्यावर त्याचा थर टिकत नाही. जपानी सुतार वापरतात ते कॅमेलिया जॅपोनिकाच्या बियांचं. चीनमध्ये कॅमेलिया ओलिफेराच्या बियांचं काढतात. आपल्या कामापुरते दोन्ही सारखेच, दोन्हींत ओलेइक आम्ल (तेलातलं सहज न सुकणारं स्निग्धाम्ल) साधारण ८० टक्क्यांच्या घरात.

दिवस २: काचेची चाचणी सुरू

पोलादाला हात लावण्याआधी तेल काचेवर पाहायचं. खर्च शून्य, आणि अर्धी उत्तरं इथेच मिळतात.

साध्या काचेचे तुकडे साबणाने धुऊन कोरडे केले. प्रत्येकावर एक थेंब टाकून बोटाने ५ बाय ५ सें.मी.वर पसरला. मागे चिठ्ठी चिकटवली: तेल, तारीख. एक संच उजेडात खिडकीशी, वर दुसरी काच तिरकी टेकवून, म्हणजे धूळ बसत नाही पण हवा लागते. दुसरा संच बंद खोक्यात.

रोज फक्त एक गोष्ट बघायची: बोट ओढलं की सरकतं, अडतं, की कोरडं लागतं. सरकतं तोवर तेल तेल आहे. अडायला लागलं की ते गोंद व्हायच्या वाटेवर आहे.

दिवस ३: पट्ट्या तयार केल्या

चाचणीसाठी साध्या माइल्ड स्टीलच्या २४ पट्ट्या, १० बाय २.५ सें.मी., टोकाला भोक. गंजाच्या बाबतीत कार्बन स्टीलची सुरी साधारण अशीच वागते, आणि सुरी खराब करण्यापेक्षा पट्टी खराब झालेली बरी.

काही पट्ट्यांवर आधीच गंज होता. त्या ५ टक्क्यांच्या पांढऱ्या व्हिनेगरमध्ये रात्रभर बुडवल्या. सकाळी गंज हाताने पुसला गेला, पोलाद करडं मॅट निघालं. नंतर सगळ्या पट्ट्यांवर १८०, ३२०, ६०० नंबरचा वॉटर पेपर फिरवला. तीन तास. रटाळ काम.

दिवस ४: फसलं

व्हिनेगरमधल्या सगळ्या पट्ट्या सकाळी केशरी. वॉटर पेपर मारला होता, धुतल्याही होत्या, पण भोकात आणि कडेला आम्ल राहिलं होतं. तिथून सुरू होऊन पसरलं. वर, पुसून सुकवण्याऐवजी त्या तशाच निथळत ठेवल्या होत्या.

पुन्हा केलं, या क्रमाने:

व्हिनेगरमधून काढली की वाहत्या पाण्याखाली ब्रशने घासणे. एक लिटर पाण्यात एक मोठा चमचा खाण्याचा सोडा, त्यात दहा मिनिटं. पुन्हा साधं पाणी. मग शेवटचं पाणी हाताला सोसेल तितकं गरम, कारण गरम पोलादावरचं पाणी स्वतःच उडतं. लगेच कोरड्या फडक्याने पुसून हेअर ड्रायर, भोकावर जास्त वेळ. पाण्यातून काढल्यापासून ड्रायरपर्यंत एका मिनिटाच्या आत. पट्ट्या एकेक काढायच्या, दहा एकदम काढून रांगेत ठेवल्या तर शेवटच्या पिवळ्या पडतात.

शेवटी अल्कोहोलचा बोळा फिरवला आणि त्यानंतर हातमोजे. दीड दिवस वाया.

दिवस ७: पट्ट्यांना तेल लावलं

कॅमेलिया काल आलं. काचेवर त्याचा तुकडाही सुरू केला, तो बाकीच्यांच्या चार दिवस मागे धरावा.

प्रत्येक तेलाच्या दोन पट्ट्या, अधिक दोन कोरड्या, एकूण २२. दोन शिल्लक ठेवल्या. एक संच मोठ्या बंद डब्यात दोऱ्याने टांगला, डब्याच्या तळाशी ओला स्पंज, पट्ट्यांना न लागणारा. ही अतिदमट परीक्षा. दुसरा संच उघड्या फळीवर आडवा.

किती तेल? आधी पट्टीला दोन-दोन थेंब टाकले, ते खाली ओघळून टोकाशी मणी झाला. सगळं पुसून पुन्हा केलं. हिशेब साधा आहे. एक थेंब म्हणजे सुमारे ०.०४ मिली. २० सें.मी. लांब, साडेचार सें.मी. रुंद सुरीच्या दोन्ही बाजू मिळून १८० चौ. सें.मी. तेवढ्यावर एक थेंब पसरला तर थर साधारण दोन मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). अख्ख्या सुरीला एक थेंब पुरतो, या पट्टीला तर पाव थेंब. फडक्याच्या कोपऱ्यावर थेंब जिरवायचा, त्याने पातं पुसायचं, मग कोरड्या कोपऱ्याने एकदा ‘तेल काढून टाकतोय’ अशा बेताने फिरवायचं. तिरक्या उजेडात पातं किंचित ओलसर दिसावं. रंगांच्या लाटा किंवा थेंब दिसले तर जास्त झालं.

जाणूनबुजून एक गोष्ट केली: प्रत्येक पट्टीच्या खालच्या टोकाला तेल लावण्याआधी उघड्या अंगठ्याचा एक ठसा.

दिवस ८

डब्यातली कोरडी पट्टी एका रात्रीत ठिपक्याठिपक्यांनी भरली. काचेवर उजेडातलं जवस कोरडं, नखाने ओरखडा उठतो. अंधारातलं जवस अजून अडतं.

जवस हे सुकणारं तेल. ते उडून जात नाही, हवेतला ऑक्सिजन घेऊन जाळं विणतं आणि घट्ट होतं. लाकडी मुठीला म्हणूनच ते उत्तम. पात्यावर मात्र त्याचा वार्निशसारखा कडक थर होतो. धार लावताना पापुद्र्याने सुटतो आणि सुटलेल्या जागी उघडं पोलाद राहतं. मुठीसाठीही कच्चं जवस घ्यावं. ‘बॉइल्ड’ म्हणून मिळतं त्यात बहुधा लवकर सुकण्यासाठी धातूंचे क्षार घातलेले असतात, ते स्वयंपाकाच्या सुरीला नको.

दिवस ९: चिंध्या

हे वेगळं लिहितोय कारण यात हलगर्जी चालत नाही. जवस सुकताना उष्णता सोडतं. तेलाचे बोळे गोळा करून डब्यात कोंबले तर आतली उष्णता बाहेर पडत नाही आणि ते आपोआप पेट घेऊ शकतात. मुठीला जवस लावलेल्या चिंध्या एका ढिगात राहिल्या होत्या. तासाभराने उचलल्या तर मधल्या कोमट लागल्या. तेव्हापासून: चिंधी एकेरी पसरून बाहेर दोरीवर कडक होईपर्यंत, किंवा झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात पाण्यात बुडवून. करडई-सूर्यफुलाच्या चिंध्यांनाही हाच नियम लावला. न सुकणाऱ्या तेलांना हा धोका फारच कमी, पण फडकी मिसळतात, म्हणून सगळ्यांना एकच शिस्त.

दिवस १२: मीठ

शिल्लक दोन पट्ट्यांवर कॅमेलिया आणि एरंडेल लावून मिठाच्या पाण्याचा फवारा मारला. दुसऱ्या दिवशी दोन्ही गंजल्या. दोन मायक्रॉन तेलाकडून याहून अपेक्षा नव्हतीच. समुद्राकाठी किंवा घामट हातांनी वापरायच्या हत्याराला तेल हा धुण्याला पर्याय नाही. आधी मीठ धुवा, सुकवा, मग तेल.

दिवस १६: काच

उजेडातली करडई अडते. सूर्यफूल अडू लागलं. तीळ सरकतो पण जड. शेंगदाणा, ऑलिव्ह, एरंडेल, खोबरेल, कॅमेलिया, जोजोबा सरकतात.

हा क्रम आयोडीन मूल्याच्या तक्त्यात जसाच्या तसा सापडतो. आकडा जितका मोठा तितकं तेल हवेशी जुळायला उतावीळ: जवस १७० ते २००, करडई १४०च्या आसपास, सूर्यफूल १२० ते १४०, तीळ १०५ ते १२०, शेंगदाणा ८५ ते १००, ऑलिव्ह ७५ ते ९४, एरंडेल ८२ ते ९०, खोबरेल जेमतेम १०. पात्यासाठी शंभरच्या खालचं घ्यायचं, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे. एक पळवाट आहे: करडई आणि सूर्यफुलाचे ‘हाय ओलेइक’ वाण मिळतात, त्यांचं मूल्य ९०च्या आसपास येतं आणि ते ऑलिव्हसारखे वागतात. बाटलीवर तसं लिहिलेलं नसेल तर साधंच समजावं.

दिवस २१: डबा उघडला

डब्यात दिवस-रात्रीच्या तापमानामुळे पट्ट्यांवर खरोखर दव धरत होतं, म्हणजे परीक्षा प्रत्यक्ष वापराहून कडक झाली. तरी निकाल:

जवसाची पट्टी सर्वांत स्वच्छ, हे मान्य करायला हवं. पण भिंगातून पाहिलं तर थराखाली दोन ठिकाणी केसासारख्या तांबड्या रेषा सरपटत गेल्या होत्या. वरून पुसून त्या निघत नाहीत, अख्खा थर खरवडावा लागतो. खोबरेल सर्वांत वाईट. २४-२५ अंशांच्या खाली ते गोठतं. थंड रात्री त्याचे पांढरे कण झाले आणि कणांच्या मधल्या जागा उघड्या पडून तिथे टाचणीच्या टोकाएवढे ठिपके. वर्षभर उबदार राहणाऱ्या जागी हे कदाचित होणार नाही.

एरंडेल, कॅमेलिया, जोजोबा, ऑलिव्ह, शेंगदाणा या पाचांत फरक काढायला भिंग लागलं. एरंडेल किंचित पुढे, ते घट्ट असल्याने वरच्या कडेवरून ओघळत नाही. बाकी चौघांत वरच्या कोपऱ्यांना दोन-चार ठिपके, कारण टांगलेल्या पट्टीवरून तेल खाली उतरतं आणि कोपऱ्यावर थर सर्वांत पातळ राहतो.

आणि अंगठ्याचा ठसा: दहाच्या दहा पट्ट्यांवर तो उमटला. रेघा मोजता याव्यात इतका. तेलाखाली घामाचं मीठ आणि ओल कोंडली गेली आणि आतून खाल्लं. कोणतं तेल यावर तीन आठवडे घातले, पण तेलातेलांतल्या फरकापेक्षा तेल लावण्याआधीच्या एका ठशाने जास्त नुकसान केलं. न सुकणारं कोणतंही बरं तेल स्वच्छ पोलादावर, हे महागातलं तेल मळक्या पोलादावर लावण्यापेक्षा कधीही चांगलं.

दिवस २४: सिकेटर चिकटले

दोन सिकेटरच्या सांध्यात दुसऱ्या दिवशीच सूर्यफूल घातलं होतं, ‘चाचणी चालू आहे तोवर’ म्हणून. आज एक उघडेना. स्प्रिंग ढकलते, पाती हलत नाहीत. खोलल्यावर बोल्टभोवती पिवळट राळ.

अल्कोहोलने काही झालं नाही. टर्पेंटाइनने वरचं मऊ पडलं, आतलं नाही. एकदा जाळं विणलं की ते तेल विरघळत नाही, ते तोडावं लागतं. लिटरभर गरम पाण्यात ५० ग्रॅम धुण्याचा सोडा, अर्धा तास भिजवून, ब्रश. सगळं साबणासारखं होऊन निघालं.

चूक: दुसरा सिकेटर न खोलताच अख्खा सोड्यात टाकला. त्याची मूठ ॲल्युमिनियमची. बुडबुडे आले तेव्हा लक्षात आलं. काढेपर्यंत मूठ काळी पडली होती. सोडा फक्त पोलादाला. ॲल्युमिनियम, रंगवलेला भाग आणि लाकूड आधी सुटं करून बाजूला.

सांध्यात आता वनस्पती तेल नाहीच. तिथे मिनरल ग्रीस. पात्यावर कॅमेलिया. घडीच्या चाकूच्या खिळीलाही हेच, फक्त ग्रीसऐवजी खाद्य दर्जाचं मिनरल ऑईल.

दिवस ३०: मेण मिसळून लेप

करवतीचं पातं आणि महिनोन्‌महिने न लागणाऱ्या पटाश्या यांच्यासाठी ओघळणार नाही असं काहीतरी हवं. मधमाशीचं मेण ६२ ते ६५ अंशांना वितळतं. पहिलं प्रमाण वजनाने २० भाग मेण, ८० भाग कॅमेलिया. काचेची बरणी गरम पाण्याच्या भांड्यात, मेण आधी, वितळल्यावर तेल. थेट आचेवर अजिबात नाही.

गार झाल्यावर लेप कडक, बोटाने निघेना. शिवाय त्यात पाण्याचे बारीक थेंब दिसले: वाफ बरणीच्या झाकणाला लागून आत ठिबकली होती. तो लेप लावलेल्या तुकड्यावर चार दिवसांत बरोबर त्या थेंबांच्या मापाचे तपकिरी टिंब. टाकून दिला.

दुसऱ्यांदा १५ भाग मेण, ८५ भाग तेल, बरणी उघडी, भांड्यातल्या पाण्याची पातळी बरणीच्या निम्म्यापर्यंत आणि पाणी उकळू न देता. हा जमला. बोट फिरवलं की निघतो, पोलादावर पसरतो. करवतीला लावताना दातांच्या दिशेने, मागच्या कडेकडून दातांकडे. उलट फिरवलं तर फडक्याचे धागे दातांत अडकून राहतात आणि धागा ओल धरतो. वेळ: दोन्ही घाण्यांना मिळून अडीच तास, त्यातला दीड तास वाया.

दिवस ३७: रंधा

रंध्याच्या तळाला तेल होतं, न पुसता फिरवला. फिकट लाकडावर पहिल्या हातभर लांबीत ओशट पट्टा. तो पुन्हा रंधून निघाला, पण पॉलिश किंवा सरस लागायच्या पृष्ठभागावर हे झालं असतं तर तिथे पकड धरली नसती. नियम: काम सुरू करताना कोरडं फडकं, मग टाकाऊ तुकड्यावर चार-पाच हात. पाण्याच्या दगडावर धार लावण्याआधीही पातं पुसा, नाहीतर तेल दगडाच्या छिद्रांत बसतं आणि दगड कापायचं सोडून नुसता घसरतो.

रंध्याचं पान आणि त्यावरची चिपतोड पट्टी यांच्या मध्ये बघायला विसरू नका. दोन्ही वेगळी केली तेव्हा बाहेरून चकचकीत पान आतून डागाळलेलं होतं. चिकटून बसलेल्या दोन पत्र्यांत ओल शिरते, हवा शिरत नाही.

दिवस ४५: म्यान

एक सुरी तेल लावून चामड्याच्या म्यानात होती. म्यान जिथे टेकतं तिथे दोन्ही बाजूंनी करड्या-तपकिरी पट्ट्या. चामडं कमावताना वापरलेले पदार्थ आणि चामड्याने शोषलेली ओल, दोन्ही पोलादाला मारक. म्यान फक्त नेण्या-आणण्यासाठी. ठेवताना सुरी उघडी, लाकडी पट्टीवर किंवा चुंबकावर, पण चुंबकपट्टी भिंतीच्या ओलीपासून दूर. ओकच्या लाकडाची पेटी असेल तर तीही टाळा. त्या लाकडातून ॲसिटिक आम्लाची वाफ सुटत राहते आणि बंद पेटीत तेवढीही पुरते.

पटाश्यांच्या डब्यात सिलिका जेलची ५० ग्रॅमची पुडी टाकली. हवेची आर्द्रता ६० टक्क्यांच्या वर गेली की गंजाचा वेग चढतो; डब्यातली आर्द्रता त्याखाली राहिली तर तेलावरचा भार कमी होतो. जेल ओलीने भरलं की ११०-१२० अंशांच्या ओव्हनमध्ये दोन तास. पुडीचं वेष्टन उष्णतेला टिकणारं आहे का ते आधी बघा, नसेल तर दाणे ताटलीत ओता.

काच: तीळ आता कडेला अडतो. मध्ये सरकतो.

दिवस ६०: वास

शेंगदाण्याची बाटली अर्धी रिकामी, उजेडात होती. वास जुन्या रंगाच्या डब्यासारखा. हे तेल लावलेल्या पटाशीच्या मुठीवरचं पितळी कडं बघितलं: कडं आणि लाकूड मिळतात त्या रेषेत हिरवा मऊ थर, नखाने निघणारा. तेल खवट होताना आम्लं सुटतात, ती पितळातल्या तांब्याशी जुळून हा हिरवा साबण करतात. तांब्या-पितळावर हे आधी दिसतं, पोलादावर उशिरा. म्हणून तेल बिघडलंय का हे पाहायला पितळी कडं उत्तम पंच आहे.

उपाय: उरलेलं कॅमेलिया १० मिलीच्या गडद बाटल्यांत गळ्यापर्यंत भरलं, एकच वापरात, बाकी थंड अंधारात. टोकोफेरॉल, म्हणजे व्हिटॅमिन ई, वजनाच्या ०.२ टक्के मिसळलं: १०० ग्रॅमला ०.२ ग्रॅम. दुप्पट घातल्याने दुप्पट टिकतं असं नाही. जोजोबाला याची गरज भासली नाही. ते नावाला तेल, मुळात द्रवरूप मेण आहे आणि दोन महिन्यांनी त्याला काहीच वास नव्हता.

शेंगदाणा आणखी एका कारणासाठी स्वयंपाकाच्या सुरीवरून काढला. थंड घाण्याच्या तेलात शेंगदाण्याची प्रथिनं राहू शकतात, आणि ज्यांना त्याची ॲलर्जी आहे त्यांच्या पानात सुरीवरून काय गेलं हे कुणी विचारत बसत नाही. अक्रोडाच्या तेलालाही तेच. अक्रोड शिवाय सुकणारं आहे, म्हणजे पात्याला दोन्ही अर्थांनी नकोच.

दिवस ७५: रोजची सुरी

रोज वापरातल्या सुरीला रोज तेल लावायचा प्रयत्न दहा दिवस केला, मग सोडला. दिवसातून तीनदा वापरायची सुरी धुऊन लगेच पुसली तर तेल लागत नाही. लिंबू किंवा टोमॅटो कापून ओट्यावर ठेवलेली सुरी मात्र पंधरा मिनिटांत निळसर-करडी होते. तो रंग गंज नव्हे. काळपट-निळा थर धरू द्यावा, तो पोलादाला थोडं सांभाळतो. केशरी किंवा तांबूस, बोटाला रंग लागणारा डाग असेल तर तो गंज: खाण्याचा सोडा ओला करून बुचाने घासा.

एका सुरीची लाकडी मूठ सैल झाली. पातं मुठीत शिरतं त्या फटीत पाणी जात होतं. आतला पोलादी दांडा गंजून फुगला आणि लाकडाला बारीक चीर. इथे तेलाचा उपयोग नाही, ते पाण्याबरोबर आत-बाहेर करतं. फट ड्रायरने दोन दिवस मधूनमधून सुकवली, मग दिवस ३०चा लेप गरम करून फटीत ओतला आणि वरचं पुसलं. गोठल्यावर पाणी शिरायचं थांबलं. चीर मात्र राहिली.

तेल आता अशा वेळीच: सुरी तीन दिवसांहून जास्त पडून राहणार असेल तर. धुऊन पुसल्यावर दहा मिनिटं उघडी ठेवायची, कारण नुसत्या पुसण्याने मुठीजवळची ओल जात नाही. मग एक थेंब. पुन्हा वापरण्याआधी साबणाने एकदा धुवायची.

दिवस ९०

हत्यारांवर आज असं आहे. सुऱ्या आणि सिकेटरची पाती: कॅमेलिया. पटाश्या: दोन कॅमेलियावर, दोन एरंडेलावर. एरंडेलाच्या पटाश्यांवर गंज शून्य, पण लाकडाचा भुसा पिठासारखा चिकटतो आणि पुसायला दुप्पट वेळ लागतो. बंद डब्यात ठीक, बाकावर नाही. करवत: लेप, साठ दिवसांत एकदाही हात लावावा लागला नाही. रंध्याचा तळ: जोजोबा, कारण तो पुसला की खरोखर जातो.

कॅमेलिया सगळ्या हत्यारांना मिळून १४ मिली लागलं, त्यात लेप धरलेला नाही. ऑलिव्ह हाताशी असेल आणि दर दोन महिन्यांनी जुनं तेल अल्कोहोलने पुसून नवं लावायची तयारी असेल, तर कॅमेलियासाठी थांबायचं कारण नाही. आमचे ते सहा दिवस फुकटच गेले.

काचेवर शेंगदाणा दाटला पण सरकतो. कॅमेलिया आणि ऑलिव्ह पहिल्या दिवसासारखे नाहीत, बोट किंचित जड जातं. जोजोबा तसाच. काचा काढलेल्या नाहीत. दिवस १८०ला पुन्हा बोट ओढून इथे लिहू. अंगठ्याच्या ठशाची एक पट्टी बाकाच्या वर खिळ्याला टांगली आहे, हातमोजे तिच्याच खाली.